नागपूर ते मुंबई : अंतर किती, वेळ किती?

नागपूर व मुंबई ही शहरे सरळ रेषेत सुमारे ६८० किलोमीटर अंतरावर आहेत. विमान हे अंतर साधारण दीड तासात कापते. जुन्या रस्त्याने मात्र आठशे किलोमीटरांहून अधिक प्रवास घडत असे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजी, तर इगतपुरी ते आमणे हा अखेरचा भाग ५ जून २०२५ रोजी खुला झाला. या मार्गाची एकूण लांबी ७०१ किलोमीटर आहे.

आता ‘आठ तासांत मुंबई’ असे सर्वत्र ऐकू येते. संत्रा बागायतदारांनी हा हिशेब आपल्या मालास जसाच्या तसा लावू नये. लहान मोटारींस या मार्गावर ताशी १२० किलोमीटरपर्यंत वेगाची मुभा आहे. मालमोटारीची मर्यादा ८० किलोमीटर आहे. त्या वेगाने अखंड चालूनही ७०१ किलोमीटरांस पावणेनऊ तास लागतात. शिवाय महामार्ग भिवंडीजवळ आमणे येथे संपतो, वाशीच्या बाजारात नव्हे. पुढे गर्दी आहे व अवजड वाहनांवरील वेळेचे निर्बंधही आहेत.

म्हणून हिशेब उलट्या बाजूने मांडावा. समजा, माल पहाटे चार वाजता वाशीस पोहोचवावयाचा आहे. आमणे ते वाशी यासाठी दोन तास धरावेत. महामार्गावर विश्रांतीसह दहा तास धरावेत. म्हणजे गाडी आदल्या दिवशी सायंकाळी चार वाजता नागपूरकडील प्रवेशस्थानी असली पाहिजे. या मार्गावर वाटेल तेथून चढता येत नाही. ठरावीक ठिकाणीच प्रवेश मिळतो. माल भरणे व तेथवर जाणे यांस तीन तास लागत असतील, तर दुपारी एकपूर्वी तोडणी, निवड व भरणी यांची तयारी पूर्ण हवी. तोडणी दहिवर सुकल्यावरच करावी. ओली फळे पेटीत लवकर सडतात. सकाळचा बाजार हुकल्यास माल पडून राहतो व भाव खाली येतो.

चालकाची झोप या हिशेबातून कधीही कापू नये. सरळ, एकसुरी रस्त्यावर रात्री डुलकी लागते. शक्य असल्यास दोन चालक ठेवावेत.

विमानाचे काय? हवाई टपालाशी नागपूरचे नाते जुने आहे. सन १९४९ मध्ये रात्रीची टपालसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील विमाने मध्यरात्री नागपुरास जमून टपालाची अदलाबदल करीत. परंतु विमानाने माल धाडताना नोंदणी, तपासणी व उतरवणी यांत दीड तासाचे अनेक तास होतात, आणि भाडे किलोवर आकारले जाते. फुलांसारख्या हलक्या व मोलाच्या मालास ते कदाचित परवडेल. संत्र्यास रस्ताच बरा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या गावापासून जवळच्या प्रवेशस्थानाचे अंतर व भरल्या गाडीस लागणारा वेळ हंगामापूर्वी प्रत्यक्ष मोजून ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावा.