माळ्यावरचा पीसी आणि हॉलमधला टीव्ही: ऐकीव काय, खरं काय

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित सुरक्षा अपडेट बंद झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. म्हणजे कालपरवापर्यंत निमूट काम करणारे असंख्य कॉम्प्युटर एका तारखेला म्हातारे ठरले. ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यात ऑफिसांची दाटी बघता नवी मुंबईत असा माल किती निघत असेल हे वेगळं सांगायला नको. त्यातला काही रिफर्बिश्ड म्हणून विकला जातो. काही घरचाच असतो: मुलाच्या बारावीच्या वेळी घेतलेला आणि लॅपटॉप आल्यावर माळ्यावर गेलेला.

मग कुणीतरी म्हणतं, हा हॉलमधल्या टीव्हीला जोडू या. लगेच सोसायटीच्या ग्रुपवर सल्ले सुरू होतात. गंमत म्हणजे हे सल्ले दोन्ही बाजूंनी चुकतात. जे सहज जमतं ते अशक्य आहे म्हणून सांगतात आणि जे जमत नाही त्याची खात्री देतात.

सगळ्यात पक्का गैरसमज प्रोसेसरचा. ‘फोर-के बघायचं तर आय-सेव्हन पाहिजे.’ व्हिडिओ बघताना प्रोसेसरची ताकद फारशी कामाला येतच नाही. व्हिडिओची फाइल दाबून, आकसून साठवलेली असते. ती उलगडण्यासाठी ग्राफिक्सच्या भागात वेगळं सर्किट असतं, त्याला डिकोडर म्हणतात. फाइल ज्या पद्धतीने आकसली आहे ती पद्धत डिकोडरला येत असेल तर पंख्याचा आवाजही वाढत नाही. येत नसेल तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि चित्र अडखळायला लागतं.

म्हणून विचारायचं ते एवढंच, की चिप कोणत्या पिढीची आहे. इंटेलच्या आय-मालिकेत दुसऱ्या ते नवव्या पिढीपर्यंत डॅशनंतरचा पहिला आकडा पिढी सांगतो: आय५-४५७० चौथी, आय३-७१०० सातवी. २०११ ची दुसरी पिढी एच.२६४ हा जुना, सर्वत्र चालणारा प्रकार फुल एचडीमध्ये आरामात उलगडते. २०१५ च्या सहाव्या पिढीला एचईव्हीसी हा नंतरचा प्रकार जमायला लागला, पण ८-बिटचाच. १०-बिट एचईव्हीसी आणि यूट्यूबचं व्हीपी९ नीट जमलं ते सातव्या पिढीला, आणि एव्ही१ साठी अकरावी यावी लागली. त्यामुळे सातव्या पिढीचा साधा आय-थ्री १०-बिटची फोर-के फाइल गप्प बसून दाखवतो, आणि एके काळी मिरवलेला आय७-२६०० त्याच फाइलपुढे घाम गाळतो.

तपासायला पैसे लागत नाहीत. फोनवर काढलेली फोर-केची एखादी क्लिप घ्या, म्हणजे गणपतीच्या आरतीची वगैरे कुठलीही. आयफोनवर २०१७ पासून अशा क्लिप बहुधा एचईव्हीसीमध्येच असतात. ती पीसीवर लावा, टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर क्लिक करा. तिथे ‘व्हिडिओ डिकोड’ नावाचा आलेख दिसतो. तो हलतोय आणि सीपीयू दहा-पंधरा टक्क्यांवर आहे, तर चिपला काम येतं. डिकोडचा आलेख सपाट पडलाय आणि सीपीयू नव्वदीत गेलाय, तर येत नाही.

यूट्यूब अडखळलं की लोक ब्रॉडबँडवाल्याला फोन लावतात. बऱ्याचदा दोष लाइनचा नसतो. फुल एचडीच्या वरचे व्हिडिओ यूट्यूब व्हीपी९ किंवा एव्ही१ मध्येच देतं, आणि फुल एचडीलाही ब्राउझर हो म्हणाला तर तेच पाठवतं. जुन्या चिपला ते झेपत नाही. एच२६४-इफाय नावाचं छोटं फुकट एक्स्टेंशन टाकलं की यूट्यूब एच.२६४ पाठवतं. चित्र फुल एचडीपर्यंतच मिळतं, पण न अडखळता.

‘मग एखादं ग्राफिक्स कार्ड टाक, संपला विषय.’ संपत नाही. ड्रॉवरमध्ये पडलेलं कार्ड बहुधा जीटी ७१० सारखं असतं, आणि त्याला एचईव्हीसी उलगडता येत नाही. म्हणजे कार्ड टाकूनही परिस्थिती तीच. २०१७ चं जीटी १०३० मात्र या कामाचं आहे: साधारण ३० वॉट खातं, वेगळी पॉवर केबल मागत नाही, १०-बिट एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही सांभाळतं. एव्ही१ त्यालाही येत नाही. ऑफिसातून आलेला कॅबिनेट चपटा असेल तर कमी उंचीचं कार्ड आणि तशीच पट्टी लागेल, हे विकत घेण्याआधी मोजून बघा.

त्या चपट्या कॅबिनेटवरून आणखी दोन गोष्टी. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ३०२० सारख्या ऑफिस मशीनच्या पाठीमागे एचडीएमआय नसतं, म्हणून ती टीव्हीला जोडता येत नाहीत असं लोक धरून चालतात. तिथे डिस्प्लेपोर्ट असतो. डिस्प्लेपोर्टवरून एचडीएमआयला जाणारा छोटा अॅडॉप्टर लावला की चित्र आणि आवाज दोन्ही जातात. विकत घेताना दिशा नीट सांगा, उलट्या दिशेचा चालत नाही. व्हीजीएने जोडलंत तर मात्र आवाजाची वायर वेगळी ओढावी लागेल. चौथ्या पिढीच्या मशीनवर साध्या डिस्प्लेपोर्ट अॅडॉप्टरच्या रस्त्याने फोर-के सेकंदाला ३० चौकटींपर्यंतच मिळतं. माउस जरा जड वाटतो. सिनेमा २४ चौकटींचा असतो, त्याला फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट एसएमपीएसची, म्हणजे पॉवर सप्लायची. ‘कुठलाही एसएमपीएस कुठल्याही पीसीला बसतो’ हे असेंबल केलेल्या मशीनबद्दल बहुतेक वेळा खरं आहे. पण त्याच ऑप्टिप्लेक्स ३०२० च्या बोर्डावर नेहमीच्या २४ पिनांऐवजी ८ पिनांचा सॉकेट असतो. लॅमिंग्टन रोडवरून नवाकोरा एसएमपीएस आणून तो लावायला जागाच नसणं हा टाळता येण्यासारखा मनस्ताप आहे. आणि सुट्या भागांत काटकसर कुठेही करा, एसएमपीएसमध्ये करू नका. आतले कपॅसिटर फुगलेले दिसले तर तो वापरू नका, मग फुकट मिळालेला का असेना.

टीव्हीला जोडल्यावर पडद्याच्या कडा कापल्या जातात, खालची पट्टी अर्धी दिसते. लोक पीसीचं रिझोल्यूशन बदलत बसतात. सेटिंग टीव्हीत असतं: पिक्चर साइझमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ निवडा.

विजेची भीतीही अशीच अर्धवट. एसएमपीएसवर ४५० वॉट छापलंय म्हणून पीसी ४५० वॉट खातो असं नाही. तो आकडा जास्तीत जास्त क्षमतेचा. चौथ्या पिढीचा आय-थ्री आणि एक एसएसडी असलेलं मशीन सिनेमा दाखवताना साधारण ३० ते ५० वॉटमध्ये भागवतं. ४० धरा. रोज पाच तास म्हणजे महिन्याला ६ युनिट. पण ‘राहू दे चालू’ म्हणून चोवीस तास ठेवलंत तर तेच जवळपास २९ युनिट होतात. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटांनंतर दर बराच चढतो, आणि ही २९ युनिटं काठावरच्या घराला नेमकी पलीकडे नेतात. स्लीपमध्ये टाकायची सवय लावा.

आता उलट्या बाजूचा गैरसमज, आणि माझ्या मते जास्त महाग पडणारा. ‘पीसी जोडला की सगळं ओटीटी, तेही उत्तम दर्जात.’ ओटीटी कंपन्या चित्र कुलूपबंद पाठवतात. वाइडवाइन या कुलपाची वरची पातळी प्रमाणित स्ट्रीमिंग स्टिक आणि टीव्हींत हार्डवेअरमध्ये बसवलेली असते. पीसीच्या ब्राउझरला बहुधा खालची, सॉफ्टवेअरची पातळी मिळते, आणि अनेक सेवा मग दर्जा कमी करतात. प्रोसेसर बदलून हे सुटत नाही. तेच सबस्क्रिप्शन लहानशा स्टिकवर जास्त स्पष्ट दिसतं आणि वीज चार-पाच वॉट. रिमोटचंही तसंच. स्टिक टीव्हीच्या रिमोटवर चालते, पीसीच्या एचडीएमआयमधून ती सोय साधारणपणे मिळत नाही. टचपॅडवाला वायरलेस कीबोर्ड किंवा फोनवरचं रिमोट अॅप लागतं. सासूबाईंच्या हातात हे द्यायचं का, याचा विचार आधी करा. घरात नुसतं ओटीटीच बघत असाल तर हा खटाटोप करू नका.

पीसीची खरी जागा आहे ती स्वतःजवळच्या गोष्टींसाठी. जुन्या कॅबिनेटला अजून डीव्हीडी ड्राइव्ह असतो, आणि मराठी घरांत नाटकांच्या व्हीसीडी-डीव्हीडींचा गठ्ठा असतो, लग्नाची सीडी असते. स्टिकला यातलं काही वाचता येत नाही. ‘मोठ्या टीव्हीवर हे खराबच दिसणार’ असं म्हणतात, ते व्हीसीडीबाबत खरंय: ३५२ × २८८ ठिपक्यांतून काय निघणार! डीव्हीडीत मात्र ७२० × ५७६ ठिपके असतात, आणि ती वाईट दिसते तेव्हा कारण बऱ्याचदा वेगळं असतं. नाटकाच्या चित्रणात नटी वळली की साडीच्या काठाला कंगव्यासारखे दाते फुटतात, कारण ते चित्र एकाआड एक ओळींनी साठवलेलं असतं. व्हीएलसीमध्ये डी हे बटण दाबा. डिइंटरलेस सुरू होतं आणि काठ सरळ होतो.

फक्त स्वतःच्या फाइलींसाठी मशीन ठेवायचं असेल तर विंडोजही नको. लिब्रएलेक हे फुकट सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवरून सुरू होतं आणि थेट कोडी या प्लेअरच्या पडद्यावर उतरतं. दोन जीबी रॅममध्ये भागतं. त्यात नेहमीचा ब्राउझर नाही, हे लक्षात घ्या. ‘कोडी म्हणजे फुकटचे सिनेमे’ हा समज मात्र त्या बिचाऱ्यावर अन्याय आहे. २००२ मध्ये एक्सबॉक्सवरचा प्लेअर म्हणून ते सुरू झालं, २०१४ मध्ये कोडी हे नाव मिळालं. त्यात स्वतःचा एकही सिनेमा येत नाही. चोरीचा माल भरून विकणारे वेगळे. मराठी नावांच्या जागी चौकोन दिसले तर स्किनच्या सेटिंगमध्ये फॉन्ट ‘एरियल बेस्ड’ करा.

माळ्यावरून काढलेलं मशीन सुरूच झालं नाही, तर लगेच बोर्ड गेला म्हणू नका. खाडीकाठच्या दमट हवेत दोन पावसाळे काढले की रॅमच्या पितळी रंगाच्या कडांवर थर धरतो. प्लग काढून, रॅम उपसून कडा खोडरबराने हलक्या हाताने पुसा, कण झटका, परत बसवा. मशीन चालू होतं पण ‘इंटरनेट चालत नाही’, वेबसाइट सुरक्षित नसल्याचा इशारा येतो, तर कोपऱ्यातली तारीख बघा. बोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं आणि ब्राउझर कुठल्याच साइटवर विश्वास ठेवत नाही. किरकोळ किमतीचा सेल बदलला की काम होतं. जुनी हार्ड डिस्क मात्र क्रिस्टलडिस्कइन्फोने तपासल्याशिवाय घरचे फोटो तिच्यावर ठेवू नका. ‘रीअॅलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ सेक्टर दिसले तर ती बाजूला काढा.

एवढं करून उरलेले तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, आणि वायरी जाळून तांबं काढणाऱ्याकडेही देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार असा माल नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडेच जायला हवा. देण्याआधी हार्ड डिस्क पूर्ण पुसा. नुसतं डिलीट किंवा क्विक फॉरमॅट केलेल्या फाइली परत काढता येतात.