डोंगरातलं हट्टी झाड

दसरा जवळ आला की दौलताबादच्या किल्ल्यापासून खुलताबादच्या घाटापर्यंत रस्त्याच्या कडेला सीताफळाच्या पाट्या दिसू लागतात. डोंगरउतारावरच्या मुरमात हे झाड आपलं आपण उगवतं. खत नाही, पाणी नाही, कुंपणही नाही. दिसेल ते ओरबाडणारी शेळीसुद्धा या पानाला तोंड लावत नाही.

झाड मूळचं उष्ण अमेरिकेतलं. पोर्तुगीजांनी ते इकडे आणलं, असं बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात. भरहूतच्या स्तूपावरच्या प्राचीन शिल्पांत पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम यांना हेच फळ दिसलं होतं, पण तो वाद वेगळा.

खरी गंमत फुलात आहे. हिरवट, जाड पाकळ्यांचं, खाली मान घातलेलं फूल; मधमाशी सहसा तिकडे फिरकत नाही. आत शिरतात ते अगदी बारीक भुंगेरे. शिवाय फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं, त्यामुळे स्वतःचा पराग स्वतःच्या कामी फारसा येत नाही. एका फुलात पुष्कळ स्त्रीकेसर असतात आणि फळावरचा एकेक डोळा म्हणजे त्यातला एकेक. ज्यांना पराग मिळाला नाही, तेवढी बाजू खुरटते आणि फळ वाकडं होतं. उन्हाळ्यातली फुलं कोरड्या हवेत गळून जातात; पाऊस पडून हवा दमट झाली की फळं धरतात. काही बागायतदार तर कुंचल्याने पराग लावतात!

एकदा पानाचा देठ अलगद काढून पाहा. नव्या फुटीचा डोळा त्याच्या बुडाखाली झाकलेला असतो. पान गळल्याशिवाय तो फुटत नाही.

बियांत कीटकांच्या पेशींतली ऊर्जानिर्मितीच बंद पाडणारी द्रव्यं असतात. उवांवर बियांची पूड लावायची जुनी रीत त्यातूनच आली. ती पूड डोळ्यांत गेली तर मात्र गंभीर इजा होते, तेव्हा हा उपाय घरी करू नये.

मराठवाड्याने या फळाकडे उशिरा का होईना लक्ष दिलं. अंबाजोगाईला सीताफळ संशोधन केंद्र आहे, बीडच्या सीताफळाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि शेजारच्या बार्शी तालुक्यात गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी ‘एनएमके-1 गोल्डन’ हे वाण काढलं. अडचण एकच: पिकलेलं फळ दोन-तीन दिवसांत संपतं आणि गर तापवला की कडू होतो. त्यामुळे आंब्यासारखा आटवून तो डब्यात भरता येत नाही, गोठवूनच ठेवावा लागतो. माझ्या मते डोंगरातल्या फळाला भाव द्यायचा तर गावोगावी आधी शीतगृह हवं, नवी लागवड नंतर.

घाटात थांबलात तर टणक, पण डोळे फाकून मधल्या रेषा पांढुरक्या झालेली फळं घ्या. ती घरी पिकतात. आणि बासुंदी करणार असाल, तर दूध पूर्ण गार झाल्यावरच गर घाला.