उत्तरायुष्यातील स्मृती आणि निसर्ग : एक परस्परसंबंध

प्रस्तावना

२०११ च्या जनगणनेनुसार भारतातील ६० व त्याहून अधिक वयाच्या व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी होती. त्यांपैकी सुमारे ७.३ कोटी व्यक्ती ग्रामीण भागात राहत होत्या. यातील फार मोठ्या वर्गाचे आयुष्य शेतशिवार, पाऊसपाणी आणि गुरेढोरे यांच्या सहवासात गेले, हे उघड आहे. तथापि वार्धक्य आणि निसर्ग यांच्या संबंधाचा विचार बहुधा विरंगुळा व मनःशांती एवढ्यापुरताच केला जातो. निसर्ग हा वृद्धांच्या स्मृतीचा आधार असतो आणि वृद्धांची स्मृती हे निसर्गाच्या इतिहासाचे साधन असते. हा दुहेरी संबंध स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

वार्धक्यातील स्मृतीचे स्वरूप

‘म्हातारपणी विसर पडतो’ हे विधान अर्धसत्य आहे. एंडेल टुल्व्हिंग यांनी १९७२ मध्ये प्रसंगस्मृती आणि अर्थस्मृती असा भेद मांडला. काल सकाळी काय घडले, हे प्रसंगस्मृतीत साठते. शब्दांचे अर्थ आणि जगाविषयीचे ज्ञान अर्थस्मृतीत असते. वाढत्या वयात पहिली क्षीण होत जाते, तर दुसरी बऱ्याच अंशी टिकून राहते. शिवाय साधारणतः १० ते ३० या वयातील आठवणी उत्तरायुष्यात तुलनेने अधिक संख्येने वर येतात, असे आत्मचरित्रात्मक स्मृतीच्या अभ्यासांत आढळले आहे. (स्मृतिभ्रंश हा आजार आहे, येथे विचार केला आहे तो सामान्य वार्धक्याचा.)

फर्गस क्रेक आणि जोन मॅकडाउड यांचा १९८७ मधील अभ्यास या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. कोणत्याही खुणेशिवाय एखादी गोष्ट आठवून सांगणे वृद्धांना तरुणांपेक्षा बरेच अवघड जाते. परंतु तीच गोष्ट समोर आल्यावर ओळखणे तितके अवघड जात नाही. अर्थात पुष्कळदा आठवण नाहीशी झालेली नसते, तिच्यापर्यंत नेणारी खूण हरवलेली असते. भोवतालच्या परिस्थितीने अशी खूण पुरविली, तर स्मृतीवरील भार हलका होतो.

निसर्ग : स्मृतीचा बाह्य आधार

महाराष्ट्रातील ग्रामजीवनात अशा खुणांची वार्षिक साखळीच आढळते. शिमग्याच्या सुमारास पळस फुलतो, उन्हाळ्यात बहावा पिवळाधमक होतो, पेरणीच्या तोंडावर पावशाची हाक ‘पेरते व्हा’ अशी ऐकू येते. शेतकऱ्याचा पावसाळा रोहिणी, मृग, आर्द्रा अशा नक्षत्रांनी मोजला जातो, तर हस्त नक्षत्राशी भोंडल्याचा खेळ जोडलेला आहे. एखाद्या आजीला लग्नाची तारीख सांगता येत नाही. पण ‘मृग कोरडा गेला, त्या साली’ असे ती निःशंकपणे सांगते. निसर्गातील घटना या ठिकाणी कालगणनेचे कार्य करते.

हे लक्षात घेतले, म्हणजे मुलाच्या नोकरीमुळे शहरातील सदनिकेत येऊन राहिलेल्या वृद्धाची अडचण समजू शकते. त्याच्यापासून केवळ गाव दुरावत नाही, तर आठवणींना जाग आणणाऱ्या खुणाही दुरावतात. त्याच्या अबोलपणाला विस्मरण समजण्यापूर्वी ही शक्यता तपासून पाहिली पाहिजे.

मार्क बर्मन व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, वृक्षोद्यानात फिरून आलेल्यांची आकडे उलट क्रमाने सांगण्याची क्षमता शहरी रस्त्यावर फिरून आलेल्यांपेक्षा अधिक सुधारल्याचे दिसले. मात्र त्यातील सहभागी तरुण होते. त्यामुळे हा निष्कर्ष वृद्धांना जसाच्या तसा लावता येत नाही. निसर्ग हे विस्मरणावरील औषध नव्हे. प्रस्तुत विवेचन खुणेपुरतेच मर्यादित आहे.

दोन उदाहरणे

पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली (१८९६–१९८७) यांचे ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’ हे आत्मचरित्र १९८५ मध्ये प्रसिद्ध झाले. बालपणी छर्‍याच्या बंदुकीने मारलेल्या, गळ्यावर पिवळा ठिपका असलेल्या चिमणीची हकिकत त्याच्या शीर्षकामागे आहे. सुमारे पाऊणशे वर्षांपूर्वीच्या या प्रसंगाभोवती त्यांनी आपल्या आयुष्याचा अर्थ लावला. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) हे १९९० मध्ये वनखात्याच्या सेवेतून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी पक्षिकोशासारखे कोशकार्य सिद्धीस नेले. वनसेवेच्या काळात जंगलात ऐकलेली नावे व निरीक्षणे उत्तरायुष्यात मराठी भाषेची संपत्ती झाली. रॉबर्ट बटलर यांनी १९६३ मध्ये वृद्धांच्या गतस्मरणाला ‘जीवन-समीक्षा’ मानले होते. या दोघांच्या बाबतीत ही समीक्षा निसर्गाच्या आधारे घडली.

या दोघांपाशी लेखनाचे आणि नोंदींचे साधन होते. सामान्य शेतकऱ्याजवळ रोजनिशी नसते. त्याचे शिवार हीच त्याची रोजनिशी असते. बांधावरचे झाड तुटले किंवा ओढा बुजला, की तिचे एकेक पान फाटते.

स्मृती : निसर्गाच्या इतिहासाचे साधन

डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये मत्स्यव्यवसायाच्या संदर्भात एक महत्त्वाचे निरीक्षण मांडले. प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळातील निसर्गस्थिती हीच मूळ स्थिती मानते. परिणामी पिढ्यान्‌पिढ्या होत गेलेली हानी कोणाच्याच लक्षात येत नाही. ओढ्याला पूर्वी कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असे, माळावर कोणते गवत उगवे, याचे लेखी पुरावे क्वचितच असतात. ते ज्येष्ठांच्या आठवणीत असतात.

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्यांची आणि लोक जैवविविधता नोंदवह्यांची तरतूद झाली. या कामात महाविद्यालयांना, विशेषतः राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांना, मोलाचा वाटा उचलता येईल. मात्र त्यासाठी पद्धत बदलावी लागेल. ओट्यावर बसवून ‘गावात पूर्वी कोणती झाडे होती?’ असे विचारणे म्हणजे वृद्धांना जे सर्वांत अवघड, तेच त्यांच्याकडून मागणे होय. त्यांच्यासमवेत पांदीने व बांधाने चालावे, झाडापाशी थांबावे, योग्य ऋतूत पुन्हा जावे. चालणे शक्य नसेल, तर पान, बी, फूल त्यांच्या हाती द्यावे.

स्मृती ही पुनर्रचना असते, हे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच दाखवून दिले होते. त्यामुळे एकाच व्यक्तीच्या सांगण्यावर विसंबू नये. अनेकांची कथने परस्परांशी आणि उपलब्ध अभिलेखांशी ताडून पाहावीत. स्त्रियांना स्वतंत्रपणे विचारावे. रानभाज्या, सरपण आणि पाणवठे यांचे ज्ञान बहुधा त्यांच्यापाशी असते.

समारोप

उत्तरायुष्यातील स्मृती केवळ मेंदूत नसते. ती परिसरातही विखुरलेली असते. म्हणून परिसर उद्ध्वस्त होणे ही वृद्धांच्या दृष्टीने स्मृतिहानीच ठरते, आणि वृद्धांचे न ऐकलेले बोलणे ही परिसराच्या इतिहासाची हानी ठरते. झाड उभे आहे आणि त्याला नावाने ओळखणारी व्यक्तीही हयात आहे, असा काळ मर्यादित असतो. नोंदीचे काम त्याच काळात व्हावयास हवे.