सर्व्हरची स्थिर व अस्थिर आवृत्ति

डेबियन ही १९९३ सालीं सुरू झालेली, स्वयंसेवकांनीं चालविलेली मुक्त संगणकप्रणाली. जगांतील असंख्य सर्व्हर तिच्यावर चालतात. तिची ‘स्थिर’ आवृत्ति सुमारें दोन वर्षांनीं निघते. एकदां निघाली कीं तींत नवें शक्यतों कांहीं घालावयाचें नाहीं. दोष सांपडला तर तेवढाच भाग सुधारून जुन्याच आवृत्तींत बसवावयाचा. काम कंटाळवाणें खरें, पण सर्व्हर सांभाळणारास हवें असतें तें हेंच. नवें जें येतें तें सहसा प्रथम ‘अस्थिर’ आवृत्तींत. तिचें नांव सिड. ‘टॉय स्टोरी’ चित्रपटांतील खेळणीं मोडणारा पोर तो!

मग हिचें ओझें वाहावें कशाला? मार्च २०२४ मध्यें उत्तर मिळालें. फाइली आकुंचित करणाऱ्या ‘एक्सझेड’ या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत, दीर्घकाळ सहकारी म्हणून विश्वास संपादन केलेल्या कोणीं चोरदरवाजा बसविला होता. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास आपल्या सिड-यंत्रावर असें आढळलें कीं, दुरून प्रवेश करावयास अर्धा सेकंद अधिक लागत आहे. एवढ्याशा विलंबाचा माग काढीत त्यानें तें कारस्थान उघडकीस आणिलें. स्थिर आवृत्तींत तोंवर जुनें ५.४.१ च होतें.