गाडी मोकळी होईल, पण किती?

नवी पेट्रोल गाडी दारात येऊन महिना झाला, की कौतुक ओसरतं आणि ॲव्हरेजचा हिशेब सुरू होतो. कागदावर लिटरला २०, पदरात १४. विचारायला जावं तर उत्तर ठरलेलं: ‘इंजिन अजून टाइट आहे, दोन सर्व्हिसिंग होऊ द्या, गाडी मोकळी होईल.’ उत्तर खोटं नाही. पण सहा किलोमीटरच्या तुटीचं ओझं त्याच्यावर टाकलं, की ते वाकतं.

सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच बारीक तिरप्या रेघांची जाळी कोरलेली असते, तेल धरून ठेवण्यासाठी. पिस्टनच्या रिंगा तिच्यावर घासत राहतात, रेघांमधल्या उंचवट्यांची टोकं झिजतात, रिंगा भिंतीला चपखल बसतात. मग घर्षण घटतं आणि दाबही निसटत नाही. अमेरिकी सरकारची ग्राहकांसाठीची माहिती यासाठी तीन ते पाच हजार मैल, म्हणजे साधारण ४,८०० ते ८,००० किलोमीटर धरते. युरोपातल्या प्रदूषण-चाचणीच्या ‘आर ८३’ नियमानेही गाडी आधी किमान ३,००० किलोमीटर चाललेली हवी.

आता फायदा किती, ते पाहू. फिनलंडच्या व्हीटीटी संस्थेतल्या संशोधकांनी २०१२ साली मांडलेल्या हिशेबात इंजिनातल्या घर्षणात इंधनाची सुमारे साडेअकरा टक्के ऊर्जा जाते. त्यातली निम्म्याहून थोडी कमी पिस्टन आणि रिंगांपाशी, म्हणजे पाचेक टक्के. हे घर्षण पाचव्या हिश्शाने कमी झालं असं उदारपणे धरू. वाचली एक टक्का ऊर्जा. ती निर्माण करताना सायलेन्सर आणि रेडिएटरमधून वाया जाणारी उष्णताही वाचते, तरी बचत अडीच टक्क्यांच्या आसपासच. चौदाचे साडेचौदासुद्धा होत नाहीत. शिवाय हल्लीच्या इंजिनांत ही टोकं कारखान्यातच बरीचशी घासून काढतात, त्यामुळे मालकाच्या वाट्याला झीज उरते तीही थोडी.

‘पण आमची गाडी पाच हजारानंतर खरंच बारावरून पंधरावर गेली’, असं सांगणारे खूप भेटतात, आणि ते थापा मारत नसतात. फक्त त्या काळात इंजिन एकटं बदललेलं नसतं. टायरची नवी, जाड नक्षी झिजते तशी गाडी हलकी पळते. पाय क्लच-ॲक्सिलरेटरला सरावतो. उन्हाळा सरून एसी कमी लागतो. एखादी लांबची सहल हिशेबात शिरते. तुटीची काही कारणं मात्र कायमचीच: दोन किलोमीटरवरच्या ऑफिसला जाताना थंड इंजिन जास्त पेट्रोल पितं. ते नव्या गाडीत जसं, तसंच जुन्या गाडीतही. आणि कागदावरचा आकडा मुळात प्रयोगशाळेत, रोलरवर, एसी बंद ठेवून काढलेला.

मोजण्याचीही गंमत आहे. पंपाचं नोझल दर वेळी नेमकं त्याच पातळीला बंद होत नाही. खेपेला दहा लिटर भरणाऱ्याच्या वहीत एका लिटरचा फरक म्हणजे दहा टक्के, रिंगा बसून मिळतील त्याच्या चौपट.