भाऊबंदकीला अपवाद ठरलेले घराणे : नादिरखान आणि त्याचे बंधू

अफगाणिस्तानच्या गादीचा एकोणिसाव्या शतकातील इतिहास हा बहुतांशी भाऊबंदकीचा इतिहास आहे. अहमदशहा अब्दालीच्या सदोझाई वंशाची सत्ता त्याच्या नातवंडांच्या कलहात लयाला गेली आणि तिच्या जागी आलेल्या बारकझाई सरदारांनीही तोच कित्ता गिरवला; अमीर दोस्त महंमद १८६३ मध्ये मरण पावताच त्याचे मुलगे एकमेकांवर चालून गेले आणि त्याचा वारस शेरअली याला काबूल गमावून पुन्हा जिंकावे लागले. याच बारकझाईंच्या एका धाकट्या पातीने, म्हणजे मुसाहिबान घराण्याने, १९२९ पासून १९७३ पर्यंत राज्य टिकवले, आणि त्यामागे डेहराडूनमधील हद्दपारीचा वाटा मोठा होता.

या पातीचा मूळपुरुष सुलतान महंमद तेलाई हा दोस्त महंमदाचा सावत्र भाऊ आणि पेशावरचा सरदार. १८३४ मध्ये शिखांनी पेशावर घेतले, तेव्हा त्याचा आधारच तुटला. त्याचा मुलगा याह्याखान हा अमीर याकूबखानाचा सासरा होता. परराष्ट्र व्यवहार इंग्रजांच्या हाती सोपवणारा गंडमकचा तह याकूबने मे १८७९ मध्ये केला. पण सप्टेंबरात इंग्रज वकील कॅव्हान्यारी काबुलात मारला गेला, याकूबला पदत्याग करावा लागला आणि त्याच्यापाठोपाठ सासरचे कुटुंबही हिंदुस्थानात आले. १८८३ मध्ये डेहराडूनला जन्मलेला नादिरखान आणि त्याचे भाऊ हाशिम, शाह वली व शाह महमूद हे इंग्रजांच्या तनख्यावर जगणाऱ्या निर्वासितांच्या घरात, उर्दू बोलत वाढले. काबूलच्या दरबारात प्रत्येक राजपुत्राभोवती त्याच्या आईच्या माहेरचा गट उभा राहत असे; डेहराडूनला वाटून घेण्यासारखी गादीच नव्हती.

विसाव्या शतकाच्या आरंभी हे कुटुंब मायदेशी परतले. नादिरचे वडील व चुलते अमीर हबीबुल्लाचे मुसाहिब, म्हणजे निकटचे दरबारी, झाले आणि घराण्याला तेच नाव चिकटले. नादिर सैन्यात चढत गेला. फेब्रुवारी १९१९ मध्ये हबीबुल्लाचा खून झाला तेव्हा संशयावरून त्याला भावांसह बेड्या पडल्या. पण नव्या अमीर अमानुल्लाने लवकरच त्याला मुक्त केले, आणि मे महिन्यात तिसऱ्या इंग्रज-अफगाण युद्धात त्याने थलच्या ठाण्याला वेढा घातला. तो वेढा उठवण्यास आलेला इंग्रज सेनानी होता दीड महिन्यापूर्वी जालियनवाला बागेत गोळीबार करणारा डायर. ठाणे नादिरच्या हाती लागले नाही, कीर्ती मात्र लागली.

पुढे अमानुल्लाशी मतभेद झाल्याने नादिर १९२४ मध्ये वकील म्हणून फ्रान्सला गेला आणि पद सोडल्यावरही तेथेच राहिला. जानेवारी १९२९ मध्ये अमानुल्लाची सुधारणावादी राजवट कोसळली व काबूल हबीबुल्ला कलकानी या ताजिक बंडखोराच्या ताब्यात गेले. पखालजीचा पोर म्हणून त्याला ‘बच्चा-ए-सक्का’ म्हणत. नादिर, हाशिम व शाह वली फेब्रुवारीत मुंबईत उतरून पेशावरमार्गे खोस्तला पोहोचले. टोळ्या आज बाजूला, तर उद्या विरुद्ध, असे कित्येक महिने गेले, अखेर ड्युरँड रेषेच्या इंग्रजी बाजूच्या वझिरी लढवय्यांना घेऊन शाह वली ऑक्टोबरात काबुलात शिरला. पगार देण्याइतका पैसा नसल्याने या लढवय्यांनी शहर लुटले. नादिर अमानुल्लाला परत आणील अशी अनेकांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात तो स्वतः राजा झाला, आणि अभय मिळाल्याच्या भरवशावर शरण आलेल्या कलकानीला १ नोव्हेंबरला देहदंड झाला. हा वचनभंग त्याच्या चरित्रावरील डाग आहे आणि मुत्सद्देगिरीच्या नावाखाली तो झाकता येत नाही.

घराण्याची खरी कसोटी ८ नोव्हेंबर १९३३ रोजी लागली. शाळेच्या बक्षीस समारंभात अब्दुल खालिक या विद्यार्थ्याने नादिरला गोळ्या घातल्या. पंतप्रधान हाशिम उत्तरेकडे दौऱ्यावर होता, राजधानीतील फौज युद्धमंत्री शाह महमूदच्या हाताखाली होती, आणि वारस झहीर अवघा एकोणीस वर्षांचा. जुन्या रिवाजाप्रमाणे अशा वेळी काकाने गादी बळकावायची; शाह महमूदने त्याच दिवशी पुतण्याची द्वाही फिरवली. त्यानंतर १९४६ पर्यंत हाशिमने व १९५३ पर्यंत शाह महमूदने पंतप्रधान म्हणून राज्य चालवले, आणि गादीवर झहीरच राहिला.

ही शिस्त पुढच्या पिढीत उतरली नाही. झहीरचा चुलतभाऊ आणि मेहुणा दाऊद १९५३ ते १९६३ पंतप्रधान होता. १९६४ च्या राज्यघटनेने राजघराण्यातील व्यक्तींना मंत्रिपदाची दारे बंद केली, आणि जुलै १९७३ मध्ये झहीर इटलीत असताना दाऊदने सैन्याच्या बळावर राजेशाहीच रद्द केली.