विसराळू सर्व्हरची चाळिशी

संपादकांना 'क्लाउड'वर लेख हवा होता. मी मात्र पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या संगणक केंद्रात जाऊन बसलो. तिथे विद्यार्थी कुठल्याही लिनक्स यंत्रावर बसो, लॉगिन केलं की त्याच्याच फायली समोर येतात. त्या यंत्रात त्या नसतातच. असतात आतल्या खोलीतल्या सर्व्हरवर. मधला व्यवहार सांभाळते एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम.

सन मायक्रोसिस्टिम्सने ती १९८४ मध्ये जाहीर केली. (या कंपनीच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचाच.) सनने तिचे नियम खुले केले, म्हणून स्पर्धकांच्या युनिक्समध्येही ती शिरली. इतिहास एवढा पुरे.

मला भुरळ पडली ती सर्व्हरच्या विसराळूपणाची. सुरुवातीच्या आवृत्त्यांत कोणी कोणती फाइल उघडली, कुठवर वाचली, याची सर्व्हर नोंदच ठेवत नाही. उधारीची वही न ठेवणारा वाणीच म्हणा. कोणती फाइल, कितव्या बाइटपासून, किती बाइट, हे सगळं प्रत्येक मागणीत असतं. त्यामुळे सर्व्हर कोसळून पुन्हा उठला तरी त्याला काही आठवायचं नसतं. समोरचं यंत्र तीच मागणी पुन्हा पाठवतं आणि काम पुढे चालू.

पण युनिक्सची एक जुनी खोड आहे. उघडी फाइल पुसली, तरी ती बंद होईपर्यंत वापरता येते. फाइल उघडी आहे हेच सर्व्हरला माहीत नसेल, तर हे जमायचं कसं? तोडगा असा, की मागणारं यंत्र फाइल पुसतच नाही, '.एनएफएस'ने सुरू होणारं नाव देऊन ती लपवतं आणि बंद झाल्यावर पुसतं. मध्येच ते यंत्र बंद पडलं, तर फाइल तशीच पडून राहते. इंजिनिअर याला 'सिली रिनेम' म्हणतात. केंद्र सांभाळणाऱ्या मॅडमनी अशा फायलींची लांबलचक यादी पडद्यावर दाखवली. "हा आमचा केर," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सर्व्हरची केबल काढली आणि शेजारच्या यंत्रावर 'डीएफ' ही मोकळी जागा दाखवणारी साधी आज्ञा दिली. पडदा थिजला. कंट्रोल-सी दाबून उपयोग शून्य. नोंदवहीत एकच ओळ: 'सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग'. जुन्या लिनक्सवर असा अडकलेला प्रोग्राम 'किल -९' या सक्तीच्या आज्ञेलाही दाद देत नसे. थोडा वेळ वाट पाहून हात टेकणारं 'सॉफ्ट' माउंट (म्हणजे सर्व्हरशी जोडणी) आहे, पण लिहिताना चूक झाली हे तपासण्याची तसदी बरेच प्रोग्राम घेत नाहीत, आणि अर्धवट फाइल पूर्ण समजली जाते. त्यापेक्षा थिजलेला पडदा बरा.

खरी काळजी विश्वासाची आहे. नेहमीच्या मांडणीत 'मी वापरकर्ता क्रमांक १००५' असं यंत्राने सांगितलं, की सर्व्हर मानतो. स्वतःच्या लॅपटॉपवर रूट, म्हणजे सर्वाधिकारी, असलेल्या कोणालाही १००५ होता येतं. रूटला 'नोबडी' करणारी 'रूट स्क्वॉश' सोय इथे कामी येत नाही. वापरकर्त्याची ओळख पटवून घेणारी कर्बेरॉस ही यंत्रणा हा उपाय आहे, पण तो बसवण्याची कटकट बरेच जण टाळतात.

विसराळूपणाचं म्हणाल, तर २००० साली आलेल्या चौथ्या आवृत्तीत सर्व्हर उघड्या फायली आणि कुलपं लक्षात ठेवू लागला. मला हा सौदा मान्य आहे, जरी त्यामुळे सर्व्हर उठल्यावर आपापली कुलपं परत सांगायला यंत्रांना थोडी मुदत द्यावी लागते. तुमच्याकडे एनएफएस चालत असेल, तर विश्वासाच्या काळजीपोटी आज सर्व्हरवरची 'एक्स्पोर्ट्स' फाइल, म्हणजे कोणत्या यंत्रांना फायली द्यायच्या त्याची यादी, उघडून पाहा. यंत्राच्या नावाच्या जागी नुसतं तारांकन (म्हणजे कोणतंही यंत्र) दिसलं, तर ती ओळ आधी बदला.